दहाचा पुडा, वीसचा पुडा

"एकशे चाळीस!"

"सत्तर!"

"एकशे चाळीस म्हणते ना मी!"

"आणि मी सत्तर म्हणतो. सत्तर म्हणजे सत्तर."

आमची खोली आणि धाकट्या भाऊजींची खोली यांच्यामध्ये भिंत म्हणून नुसत्या फळ्या होत्या. पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळायचं, तिथे भांडण कसं लपणार? मी काही कान लावून बसले नव्हते. दुपारची तांदूळ निवडत होते, आणि निवडता निवडता ताट जरा फळीकडे सरकलं, इतकंच.

आधी मला वाटलं, वजनावरून चाललंय. पण भाऊजी सत्तर भरतील फार तर, एकशे चाळीसचं आमच्यात कुणीच नव्हतं. तेवढ्यात धाकटीचा आवाज चढला. "नुसत्या जागेचे एकशे चाळीस, आणि म्हणे परवडतं! डोकं एकदा पंक्चरच्या घमेल्यात बुडवून बघा. बुडबुडे येतील."

"तीस वर्षं दुकान चालवलंय मी. मला हिशेब शिकवू नकोस."

"चालवलंत म्हणूनच बंद पडलं."

मग ताटली पडल्याचा आवाज आला. पडली होती, फेकली नव्हती. ताटल्या फेकण्याची ऐपत आमच्या दोन्ही खोल्यांत कुणाची नव्हती.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. नाव तिलाही होतं, पण घरात ती धाकटी आणि बाजारात कापवाली, त्यामुळे नावाची गरज फारशी कुणाला पडली नाही. पुढे एकदा पडली, ती नको त्या वेळी पडली.

ती बटाट्याचे काप तळून विकायची. बाजारात सतरा नंबरची जागा, नळाला लागून. ज्यांनी कधी बाजारात बसून काही विकलं नाही त्यांना नळाचं मोल कळायचं नाही. बाकीच्यांना कोपऱ्यापासून बादल्या ओढाव्या लागत. हिने हात लांब केला की पाणी. शिवाय हमाल, भाजीवाल्या, येणारंजाणारं सगळं तोंड धुवायला, पाणी प्यायला तिथेच येणार, आणि ओलं तोंड पुसता पुसता नाकात तळणीचा वास शिरला की माणूस हललाच. एकोणीस वर्षं ती तिथे बसत होती. फरशीवर पोतं, पोत्यावर ती, समोर शेगडी. उजव्या हातात झारा, डाव्या हाताने कागदाचा पुडा वळायची, तोही न बघता. मिठाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडलेली. कुणाला मिरपूड जास्त लागते, कुणाच्या दाढा गेल्यात म्हणून काप मऊ काढायचे, हे सगळं तोंडपाठ.

शाळा तिची दुसरीतच सुटली होती. माझी तिसरीत, म्हणून घरातली विद्वान मी. आकडे तिला येत, पण पैशात मोजलं की तिचं मन लागायचं नाही. ती सगळं पुड्यात मोजायची. गॅसची टाकी किती? नव्वद पुडे. डॉक्टर किती घेतो? तीस पुडे, सुई टोचली तर चाळीस. पुतणीच्या लग्नात मी जरा बरी साडी नेसले, तर वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "ताई, दीडशे पुडे नेसलात की!" आणि त्यात खोट नव्हती. एक पुडा विकायला किती सोलावं लागतं, किती वेळ आगीपुढे बसावं लागतं, ते तिच्या पाठीला माहीत होतं. नोटेवर ते लिहिलेलं नसतं.

भाऊजींचं पंक्चरचं दुकान होतं. त्यांचा गुडघा धरला, खाली बसता येईना, आणि पंक्चर काही उभ्याने निघत नाही. दुकान गेलं. मग ते बायकोच्या धंद्यात आले. बटाटे आणायचे, टाकी बदलायची, पुड्यांचे कागद कापून द्यायचे. दिवसभर बायकोच्या हाताखाली राहायचं हे पुरुषाला किती मानवतं, ते सांगायला नको. तिचेच पुडे मोजता मोजता तेही पुड्यात बोलायला लागले, आणि घोटाळा तिथेच झाला.

गावाबाहेरच्या मैदानात दरवर्षी मोठा मेळा भरायचा. पाळणे, खेळण्यांची दुकानं, गाणीबजावणी. एरवी नऊ दिवसांचा, त्या वर्षी समितीने तीन आठवड्यांचा केला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला त्यांचा माणूस बाजारात फिरून सांगून गेला की खाण्याच्या गाळ्यांना जागा आहे, भाडं दिवसाला चौदाशे, पण बाजारात दहाला जातं ते तिथे वीसला जातं, आणि हातोहात जातं. भाऊजींच्या डोक्यात ते भरलं.

मला त्यांनी एकदा जिन्यात गाठून सांगितलं होतं. "वहिनी, तिला छपराचा गाडा घेऊन द्यायचाय. उभं राहून विकायला, डोक्यावर सावली. तिचा चेहरा बघा, तिच्याच कापांसारखा झालाय."

"मग हे तिला सांगा की."

"सांगितलं तर विचारेल, गाडा किती पुड्यांचा."

हेही खरं होतं.

तर ते भांडण या मेळ्यावरून. ते पुढे आठ दिवस रोज चाललं, आणि रोज त्याच दोन आकड्यांवर येऊन अडलं. ती म्हणणार एकशे चाळीस, ते म्हणणार सत्तर. तिला वाटे, नवऱ्याला भागाकार येत नाही. त्यांना वाटे, दुसरी नापास बाई, तिच्याशी काय डोकं लावायचं. नवव्या दिवशी भाऊजी मुकाट्याने उठले, मैदानावर गेले, आणि दोन हजार अनामत भरून आले. परत न मिळणारी.

तिने ते ऐकलं आणि ती आमच्या खोलीत येऊन बसली. भाऊजी मागोमाग, लंगडत.

"सांगा ताई यांना. एका दिवसाच्या जागेला एकशे चाळीस पुडे. मी हात चालवणार किती?"

"वहिनी, सत्तर! वाटल्यास लिहून देतो."

मी दोघांकडे बघितलं. इतके दिवस फळीआडून ऐकत होते, तेव्हा कधी सुचलं नाही ते समोरासमोर सुचलं. "भाऊजी, तुमचा पुडा केवढ्याला?"

"वीसला. मेळ्यात वीसलाच जाणार ना."

"आणि गं, तुझा?"

"दहाला. एकोणीस वर्षं दहाला नाही, पण आता दहाला."

भाऊजींनी बोटांवर काहीतरी केलं. धाकटीने नवऱ्याकडे बघितलं, आणि मग दोघं एकदम माझ्यावर उलटले.

"मग हे आठ दिवस आधी विचारायला काय झालं होतं?"

"वहिनी, तुम्हाला सगळं ऐकू येतं, हे आम्हाला माहीत नाही का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि भांडण मिटलं म्हणावं तर तेही नाही. उलट आता खरं सुरू झालं.

"पुडा म्हणजे बाजारातला पुडा," ती म्हणाली. "दहाचा. बाकी सगळी लूट."

"अगं, पण हातात पैसे वीसचे येणार!"

"आणि सोलणार कोण? बटाटा तोच, हात तोच, तेल तेच. तुमच्या वीसने बटाट्याला दुसरं साल फुटणार आहे का?"

पण अनामत गेलेली होती. "आता नाही गेलो तर दोनशे पुडे पाण्यात," धाकटी म्हणाली, "आणि गेलो तर आपण पाण्यात." म्हणून गेले.

एक काळजी मात्र मोठी होती. बाजाराचा नियम असा, की दर मंगळवारी जागेवर मांडून बसायचं आणि आठवड्याची पावती फाडून घ्यायची. लागोपाठ तीन मंगळवार पावती फाटली नाही, की जागा गेली. सतरा नंबरवर कितीजणांचा डोळा होता. समोरचा, चाकूसुऱ्यांना धार लावणारा धारवाला तर येताजाता नळाकडे असा बघायचा, जसा काही सासऱ्याने त्याला तो हुंड्यात द्यायचं कबूल केलं होतं. मेळा तीन आठवड्यांचा, म्हणजे बरोबर तीन मंगळवार. आणि मेळ्यातला गाळा एक दिवस जरी बंद ठेवला, तर त्याला वेगळा दंड.

"दोन मंगळवार जाऊ देत," धाकटी म्हणाली. "तिसऱ्याला काहीही करून कुणीतरी बसायचं. जागा गेली तर ताई, मी मेले."

मेळा सुरू झाला. पहिल्या रविवारी मी दोघांचा डबा घेऊन गेले, तर मला धाकटी ओळखूच येईना. डोक्यावर समितीची टोपी, हातात पिशव्यांसारखे मोजे, समोर पांढरं कापड टाकलेलं टेबल. सगळे गाळे एकसारखे, जशी काही शाळेची मुलं रांगेत उभी केलीत.

"पुडे कुठे आहेत?" मी विचारलं.

"पुड्यांना बंदी आहे. ही घ्या." तिने पुठ्ठ्याची एक डबी माझ्या हातात ठेवली. तिच्यावर समितीचं चित्र छापलेलं. "हीच वापरायची, आणि यांच्याकडूनच विकत घ्यायची. हिच्यात दीड पुडा माल मावतो. अर्धवट भरली तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, आणि भरली तर मी वाकडी होते."

"मग मोजतेस कशात?"

"तेच ना!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं म्हणून तिने मोज्याने पुसलं. "डबीला पुडा कसं म्हणू, ताई? माझा हिशेबच लागत नाही."

आणि रोख पैसे घ्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाने समितीच्या खिडकीवर रांग लावायची, कुपन घ्यायचं, ते हिला द्यायचं. सगळी कुपनं डब्यात टाकून शेवटी समितीत नेली की दर पाच कुपनांतलं एक त्यांचं. वर दिव्याचं भाडं वेगळं. दिवा त्यांचा, तो लावायची सक्तीही त्यांची, भाडं मात्र हिचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मी उभी असतानाच बाजारातला एक हमाल आला. धुतलेला सदरा, बायको बरोबर. हिला बघून त्याला कोण आनंद! "कापवाली! इथे होय? दे एक पुडा, मिरपूड मारून." आणि नेहमीसारखं दहाचं नाणं टेबलावर ठेवलं.

धाकटीने नाण्याकडे बघितलं. शेजारी ओळखपत्रवाला उभा होता. "रोख चालणार नाही, बाई."

"वीसचं कुपन लागतं रे," धाकटी हळूच म्हणाली. "त्या तिकडे खिडकी आहे."

त्याने खिडकीवरची रांग बघितली. मग नाणं परत उचललं. "मोठी झालीस की तू," असं हसत म्हणाला आणि बायकोला घेऊन पाळण्यांकडे गेला. वाईट काही बोलला नाही तो. पण धाकटीचा तो घाणा करपला. एकोणीस वर्षांत तिचा घाणा करपलेला मी पाहिला नव्हता.

मेळ्याच्या मधल्या आठवड्यात एका सकाळी, निघायच्या आधी, तिने मला हाक मारली. जमिनीवर बटाटे मांडले होते, दोन रांगा. "दहा पुड्यांना एक बटाटा," ती म्हणाली. "बघा. हा बाजार." वीस बटाटे, म्हणजे एका दिवसाची विक्री. त्यातले आठ तिने तेल, गॅस, मालाचे म्हणून उचलले. जागेचा अर्धाच होत होता, म्हणून एक बटाटा विळीवर चिरला. साडेअकरा राहिले.

"आणि हा तुमच्या भाऊजींचा मेळा." साठ बटाटे! दाराकडेपर्यंत रांग गेली होती. भाऊजी खाटेवरून बघत होते, चेहऱ्यावर थोडी ऐट होती. मग तिने उचलायला सुरुवात केली. जागेचे चौदा. डब्या भरभरून जाणाऱ्या मालाचे अठरा. नुसत्या रिकाम्या डब्यांचे तीन. कुपनांतले समितीचे बारा. टेम्पो आणि दिवा मिळून पाच. उचलता उचलता तिचं पातेलं भरलं आणि रांग आखडत आखडत शेगडीपाशी आली.

"मोजा."

भाऊजींनी खाटेवरूनच मोजले. आठ.

"पण मेळा रोज असतो," ते म्हणाले. "बाजाराला सोमवारची सुट्टी."

"म्हणून काय झालं? सोमवारचे तुमचे आठ वाढवा, तरी बाजार पुढे. आणि तिथे मी सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभी. माझ्या पायांचे किती बटाटे धरू?"

भाऊजींनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "मला गाडा घ्यायचा होता. तुला. छपराचा."

ती पातेल्यातले बटाटे परत पोत्यात भरत होती. भरायची थांबली नाही. "विचारायचं होतंत," एवढंच म्हणाली. नंतर, पोत्याचं तोंड बांधताना, "किती पुड्यांचा होता?"

तिसरा मंगळवार आला. मेळ्यात एकाला तळणीवर आणि एकाला कुपनांवर उभं राहणं भाग, त्यामुळे त्या दोघांना हलता येईना. बाजारात सगळं फरशीवर, तिथे भाऊजींचा गुडघा बसू देईना. उरले कोण? मी. आमचे हे म्हणाले, "या वयात दुकान काढतेस?" मी म्हटलं, "तुम्ही तरुणपणी काढलं नाहीत, म्हणून आता मी काढते."

धाकटीने आदल्या दिवशी सगळं तयार करून दिलं. जुनी लहान कढई, सोललेले बटाटे पाण्यात, मीठ, मिरपूड. सूचना इतक्या केल्या की परीक्षेलाही कुणी करत नसेल. काप पातळ पाडा. एका वेळी कढई भरू नका. पुडा खालून घट्ट मुडपा. पावतीवाला दहाच्या सुमारास येतो, त्याच्यासमोर तळत राहा, रिकामं बसू नका. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. तिला ती सांगण्यासारखी वाटलीच नसणार, कारण एकोणीस वर्षांत तिला ती कुणी विचारलीच नव्हती.

माझा धंदा जोरात झाला. का नाही होणार? मी घरी नातवंडांना वाढते तसे पुडे भरत होते. दहाच्या पुड्यात बारा-पंधराचा माल. भाजीवाल्या दोनदोनदा येऊन गेल्या. धारवाला सुद्धा येऊन खाऊन गेला, आणि नळाकडे बघायचं विसरला.

मग पावतीवाला आला. नेहमीचा म्हातारा नव्हता, नवीनच पोरगेलासा होता, आणि हातात वहीऐवजी यंत्र. चांगला वाटला हो. वाकून नमस्कार केला. "आजी, सतरा नंबर ना? जुनी वही बंद झाली, आजपासून सगळं यात. नाव सांगा."

आता माझं असं आहे. लग्न झाल्यापासून मी कुणाची सून, कुणाची वहिनी, कुणाची आई, मग आजी. मला सरकारी आवाजात नाव असं कुणी विचारलंच नव्हतं. मी पदर सावरला आणि सांगितलं. माझं नाव, यांचं नाव, आडनाव. त्याने टाइप करताना चुकवलं तर दुरुस्तही करून दिलं. यंत्र किर्र वाजलं, पावती बाहेर आली. मी ती घडी घालून कमरेला खोचली. छाती अशी फुगली होती, की जागा वाचवली मी.

संध्याकाळी धाकटी थेट आमच्याकडे आली, टोपी डोक्यावर तशीच. "फाटली?"

"फाटली. बघ."

तिला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव ती आकारावरून ओळखायची. पावती दिव्याखाली धरली, उलटी केली, सुलटी केली. "हे माझं नाव नाही, ताई. माझ्या नावात दोन काठ्या शेजारी शेजारी असतात. इथे एकच आहे."

मग मला कळलं, मी काय करून बसले.

ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. पावती माझ्या हातात परत देत म्हणाली, "आयत्या बिळात नागोबा, ऐकलं होतं. आपल्या घरातच निघेल असं वाटलं नव्हतं." पुढे पाच दिवस फळीपलीकडून माझ्यासाठी एक हाक आली नाही.

सहाव्या दिवशी मीच गेले आणि म्हटलं, चल, ऑफिसात जाऊन सांगू, चूक झाली. सोमवार होता, बाजार बंद. आम्ही दोघी गेलो. टेबलापलीकडच्या बाईंनी यंत्रात बघितलं. "सतरा नंबर? या आजींच्या नावावर आहे."

"पण जागा हिची आहे," मी म्हटलं. "मी नुसती एक दिवस बसले होते."

"मग नाव का सांगितलंत?"

"त्याने विचारलं म्हणून."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण दूध उतू घालवलेल्या पोरीकडे बघतो. "जुन्या पावत्या आणा. सगळ्या."

पावत्या धाकटीने एकोणीस वर्षांच्या जपून ठेवल्या होत्या, एकही हरवली नव्हती. पण ठेवल्या होत्या तेलाच्या रिकाम्या डब्यात, कारण तिच्याकडे झाकणाचं तेवढंच भांडं होतं. पुढच्या सोमवारी तो डबा टेबलावर उघडला, तर पावत्या अशा तेल प्यायलेल्या, की एक उचलून उजेडात धरली तर आरपार बाई दिसत होत्या. शाई कुठे गेली, देव जाणे. बाईंनी दोन बोटांनी एक उचलली आणि लगेच रुमालाला बोटं पुसली.

"यावर काहीच दिसत नाही."

"दिसतं की," धाकटी म्हणाली. "ही पावसात फाटलेली. ही माझा हात भाजला त्या आठवड्याची. ही जुन्या म्हाताऱ्याने दोनदा शिक्का मारला ती."

बाई म्हणाल्या, एक सोपा मार्ग आहे. आजींनी जागा सोडायची आणि हिने नवीन अर्ज करायचा. आम्ही खूश झालो. मग त्यांनी सांगितलं की नवीन अर्जांच्या यादीत तिच्या आधी त्रेचाळीस जण आहेत. धाकटीने विचारलं, पहिला कोण? बाईंनी वाचलं. तो धारवाला.

दुसरा मार्ग नावबदलाचा अर्ज. तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेतात. अर्जाची फी तीस पुडे, म्हणजे तीनशे. मीही आता पुड्यात मोजायला लागले आहे. अर्ज दिला. साहेब रजेवर. पुढच्या महिन्यात दिला, फोटो जुना निघाला. त्याच्या पुढच्या महिन्यात फोटो चालला, पण तो चिकटवला होता, तो टाचायचा होता. आगीतून फुफाट्यात म्हणतात, तर आमच्याकडे फुफाट्यालाही अर्ज करावा लागत होता.

तोवर करायचं काय? पावती मालकाच्या हातीच द्यायची, असं त्या यंत्राचं म्हणणं. म्हणून दर मंगळवारी सकाळी धाकटी दारात यायची. "मालकीणबाई, चला, तुमच्या नोकराची पावती फाडायची आहे." पहिलं वर्षभर ते ऐकून मी खाली मान घालून चपला शोधायची. नंतर तिच्या आवाजातला काटा थोडा बोथट झाला, पण गेला असं मी म्हणणार नाही. मी जायची, सतरा नंबरवर तिच्या शेजारी पोत्यावर टेकायची, यंत्र वाजलं की पावती तिच्या हातात द्यायची. ती पावती आता ती पिठाच्या डब्यात ठेवायची.

मेळ्यातून सगळं जाऊन जे काही उरलं होतं, त्यात गाडा आला नाही. भाऊजींनी मोठी छत्री आणली, बाजारात रोवायची. धाकटी म्हणाली, "छपराची काडी तरी आली." पुढे दरवर्षी ओळखपत्रवाला यायचा, आणि ती त्याला विचारायची, "भाऊ, पुड्यांची बंदी उठली का?" तो नाही म्हणायचा. ती म्हणायची, मग जा.

सहा वर्षं अशी गेली. नावबदलाचे किती अर्ज झाले, ते तिने मोजलं असेल. मी मोजलं नाही. मला ते सोसलं नसतं. मी तिला कितीदा म्हटलं, अगं, राहू दे माझ्या नावावर, मी कुठे जागा डोक्यावर घेऊन जाणार आहे? त्यावर तिचं एकच. "ताई, तुमच्या आधी मी गेले, तर कागदावर मी त्या नळापाशी कधी बसलेच नव्हते."

ती गेली बुधवारी, अचानक, दुपारी. आदल्या सोमवारी, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, ती ऑफिसात गेली होती. माझा खोकला वाढला होता, म्हणून एकटीच गेली. जाताना माझी सही कागदावर घेतली आणि म्हणाली, "वेलांटी नीट काढा, मागच्या वेळी तिच्यावरून परत पाठवलं." दीड तास रांगेत उभी राहिली. टेबलामागच्या बाईंनी अर्ज घेतला, चाळला, आणि एक झेरॉक्स कमी आहे, पुढच्या महिन्यात या, असं सांगितलं. तिने झेरॉक्स कोणती ते दोनदा विचारून घेतलं. येताना बटाटेवाल्याकडे थांबली, पोत्यात हात घालून खालचे बटाटे वर काढून बघितले, दोन मऊ निघाले ते परत दिले, आणि भावावरून त्याच्याशी भांडली. घरी आल्यावर भाऊजींनी विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "एक झेरॉक्स," आणि दुसऱ्या दिवशीचे बटाटे पाण्यात टाकले.